चार तासांचा दिवस

दुपारचे बारा वाजले की चार्ल्स डार्विनचे दिवसाचे मुख्य काम संपलेले असे. सकाळी लवकर उठून छोटा फेरफटका, पावणेआठला एकट्याने न्याहारी, मग आठ ते साडेनऊ अभ्यासिकेत काम. साडेनऊला तो दिवाणखान्यात येई आणि सोफ्यावर आडवा होई. आलेली पत्रे, कधी एखाद्या कादंबरीचे प्रकरण घरातले कोणीतरी त्याला वाचून दाखवी. साडेदहाला पुन्हा काम, तेही बारा-सव्वाबारापर्यंतच. मग आज चांगले काम झाले, असे समाधानाने सांगून तो कुत्र्याला घेऊन बाहेर पडे, पाऊस असो की ऊन. संध्याकाळी साडेचारनंतर आणखी एक तास. सगळे मिळून चार तास.

मधल्या वेळात जेवण, वर्तमानपत्र, पत्रांना उत्तरे, तीन वाजता झोपायच्या खोलीतल्या सोफ्यावर विश्रांती, सहाला पुन्हा विश्रांती. रात्री साधे खाणे झाले की पत्नी एमाबरोबर बॅकगॅमन या सोंगट्या-फाशांच्या खेळाचे दोन डाव. रविवारही इतर दिवसांसारखाच. एवढ्या सैल वाटणाऱ्या दिनक्रमात या माणसाने डझनाहून जास्त पुस्तके लिहिली, जीवशास्त्राचा पाया बदलला आणि जगभरच्या लोकांशी पत्रव्यवहार केला. आज उपलब्ध असलेली त्याच्याशी संबंधित पत्रे सुमारे १५,००० आहेत.

हा दिनक्रम त्याने हौसेने निवडलेला नव्हता. तरुणपणी त्याच्या पायाला भिंगरी होती. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजावरून निघालेला हा बावीस वर्षांचा मुलगा पाच वर्षे जगभर फिरला. दक्षिण अमेरिकेत त्याने घोड्यावर बसून मैलोन्‌मैल मैदाने तुडवली, अँडीज पर्वत ओलांडला. ऑक्टोबर १८३६ मध्ये इंग्लंडला परतल्यावर मात्र लंडनने त्याला कामाला जुंपले. आणलेले नमुने तज्ज्ञांना वाटायचे, प्रवासवर्णन लिहायचे, भूशास्त्रावरचे निबंध तयार करायचे. शिवाय जुलै १८३७ मध्ये त्याने एक वही गुपचूप उघडली होती. सजीवांच्या जाती बदलत असतील का, या प्रश्नाची ती वही.

त्याच वर्षी सप्टेंबरात छातीत धडधड सुरू झाली. वय अठ्ठावीस. डॉक्टरांनी सांगितले की सगळे काम बाजूला ठेवा आणि काही आठवडे खेड्यात जाऊन राहा. डार्विन कुरकुरत गेला. या मुक्कामात तो मेअर या गावी मामाकडे, म्हणजे जोसाया वेजवूड यांच्याकडे, जाऊन आला. मामांनी त्याला आपले कुरण दाखवले. काही वर्षांपूर्वी त्या जमिनीवर चुना आणि राख पसरली होती. आता ती वर कुठेच दिसत नव्हती, खणले की काही इंच खाली सलग थर सापडत होता. हे गांडुळांचे काम असावे, असा मामांचा अंदाज. गांडुळे खालची माती खाऊन वर विष्ठेच्या रूपाने आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात. १ नोव्हेंबर १८३७ रोजी डार्विनने लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत यावर निबंध वाचला. सक्तीच्या रजेची ही पहिली कमाई.

दुसरी कमाई म्हणावी तर तीही मामाच्याच घरची. जानेवारी १८३९ मध्ये त्याने मामाच्या मुलीशी, एमाशी, लग्न केले.

लंडनमध्ये तब्येत सुधारेना. डोके दुखणे, उलट्या, पोटात वायू, थरथर, थकवा. पाहुण्यांशी अर्धा तास रंगून गप्पा मारल्या तरी रात्र वाईट जायची. सप्टेंबर १८४२ मध्ये डार्विन कुटुंब लंडनपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या डाउन या खेड्यात राहायला गेले. रेल्वे स्थानक मैलोन्‌मैल दूर. डार्विनला नेमके तेच हवे होते. राजधानी गरजेपुरती जवळ, पण येणारा माणूस दोनदा विचार करूनच येईल इतकी लांब. पुढची चाळीस वर्षे तो तिथेच राहिला.

१८४६ मध्ये त्याने शेजारच्या सर जॉन लबक यांच्याकडून दीडेक एकराची पट्टी भाड्याने घेतली. तिच्या कडेने हेझेल, बर्च, हॉली अशी झाडे लावली आणि भोवताली पायवाट केली. ही ‘सँडवॉक’, म्हणजे वाळूची वाट. तिथे रोज ठरलेल्या फेऱ्या घालायच्या. वाटेच्या एका टोकाला तो गारगोट्यांची छोटी रास ठेवी आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने बाजूला सारी. फेऱ्या मोजण्याचे काम डोक्याकडे न ठेवता पायाकडे देण्याची ही युक्ती होती. कधी तो एवढा हळू चाले आणि मधेच एवढा स्तब्ध उभा राही की एकदा खारीची पिल्ले त्याच्या पाठीवर चढली आणि त्यांची आई झाडावरून जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. मुलगा फ्रान्सिसने ही आठवण लिहून ठेवली आहे.

चालताना डोके चालते, हे आपल्याकडे शतपावली घालणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण याची मोजणीही झाली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवले की बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना एखाद्या प्रश्नावर जास्त आणि वेगळ्या कल्पना सुचतात. कोऱ्या भिंतीसमोरच्या ट्रेडमिलवर चालले तरी हा फरक दिसतो आणि खुर्चीत परत बसल्यावरही तो थोडा वेळ टिकतो. मात्र एकच बरोबर उत्तर शोधायचे असेल अशा कामात चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे हिशेब करायचा तर टेबल बरे, नवे काही सुचायला हवे असेल तर वाट बरी. डार्विनची विभागणी नेमकी अशीच होती. सूक्ष्मदर्शक आणि लेखन सकाळी अभ्यासिकेत, विचार दुपारी वाटेवर.

दुसरी गोष्ट मेंदूची. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. आपण एखाद्या कामात गुंतलो म्हणून हा खर्च फारसा वाढत नाही. उलट काही भाग असे आहेत, जे बाहेरच्या कामातून लक्ष काढले की अधिक सक्रिय होतात. २००१ मध्ये मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकडे लक्ष वेधले. आठवणी जुळवणे, पुढचे कल्पून पाहणे अशा गोष्टींशी या भागांचा संबंध आहे. सोफ्यावर पडलेला माणूस रिकामा असतो, हे मेंदूच्या बाबतीत तरी खरे नाही.

डार्विनला ही समज सहज आली नाही. तिची किंमत त्याने मोजली. १८४६ पासून तो बार्नेकल या प्राण्यांच्या मागे लागला होता. खडकांना, जहाजांच्या बुडाला चिकटून राहणारे हे कवचधारी जीव. एका प्रकारापासून सुरुवात झाली आणि पाहता पाहता सगळ्या जगातले बार्नेकल घरी येऊ लागले. मुलांना हे इतके सवयीचे झाले की सगळे वडील घरी हेच करतात असे त्यांना वाटे; शेजारचे गृहस्थ त्यांचे बार्नेकल कुठे करतात, अशी चौकशी एका मुलाने केल्याचे सांगतात. या कामाला आठ वर्षे लागली. त्यातली दोन आजारपणात गेली, असा डार्विनचा स्वतःचा हिशेब होता.

१८४८ च्या हिवाळ्यात प्रकृतीने तळ गाठला. नोव्हेंबरात वडील वारले. मार्च १८४९ मध्ये सगळे कुटुंब माल्व्हर्न या गावी गेले. तिथे डॉक्टर जेम्स गली जलोपचार करत. पहाटे उठवून थंड पाण्याने अंग खरखरीत टॉवेलने घासायचे, पाणी प्यायचे, चालायला जायचे. पोटावर दिवसभर ओला पट्टा. दिव्याच्या उष्णतेने घाम काढायचा आणि लगेच गार पाणी. साखर, लोणी बंद, लाडक्या तपकिरीवर नियंत्रण. आणि मुख्य म्हणजे डोक्याला काम नाही. डॉक्टरांच्या होमिओपॅथीवर आणि अतींद्रिय शक्तींवरच्या श्रद्धेला डार्विन हसत असे, पण पथ्य त्याने काटेकोर पाळले. काही आठवड्यांत उलट्या थांबल्या, वजन वाढले, तो मैलोन्‌मैल चालू लागला. घरी परतल्यावर त्याने बागेत थंड पाण्याच्या धारेसाठी एक खोपटे बांधून घेतले. डॉक्टरांनी त्याला दिवसाला अडीच तास काम करायची परवानगी दिली होती.

डार्विनला बरे वाटले ते बहुधा पाण्यामुळे नव्हे. रोज ठरल्या वेळी उठणे, साधे अन्न, मोकळ्या हवेतले चालणे आणि महिनोन्‌महिने अभ्यासिकेपासून दूर राहणे, यांचा त्यात मोठा वाटा असणार. पाण्याची कीर्ती झाली आणि रजेला श्रेय मिळाले नाही. १८५१ मध्ये त्याच माल्व्हर्नला उपचारासाठी नेलेली त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी २३ एप्रिलला वारली. त्यानंतर ते गाव त्याला नकोसे झाले आणि पुढे तो मूर पार्क या दुसऱ्या जलोपचार केंद्राकडे वळला.

मूर पार्क सरे परगण्यात, फार्नहॅमजवळ. मे १८५६ पासून डार्विन नैसर्गिक निवडीवरचे मोठे पुस्तक लिहू लागला होता आणि पुन्हा मर्यादा ओलांडत होता. १८५७ च्या एप्रिलमध्ये तो प्रथम तिथे गेला. तिथल्या माळरानावर भटकताना त्याला एक गंमत दिसली. कुंपण नसलेल्या भागात स्कॉच फर या झाडाचे एकही रोप वर आलेले दिसत नव्हते. पण खाली वाकून झुडपांमध्ये पाहिले तर गुरांनी सतत कुरतडलेली असंख्य इवली रोपे होती. एका चौरस यार्डात त्याने ३२ मोजली. त्यातल्या एकाच्या खोडात २६ वर्तुळे होती, म्हणजे २६ वर्षे ते रोप डोके वर काढू पाहत होते. जगण्याच्या धडपडीचे हे उदाहरण पुढे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये आले. विश्रांतीला आलेल्या माणसानेच झुडपात वाकून पाहिले, घाईत असलेला तिथून पुढे गेला असता.

पुढच्या एप्रिलमध्ये, १८५८ साली, तो पुन्हा तिथे होता. एमाला पाठवलेल्या पत्रात त्याने एका सकाळचे वर्णन केले आहे. दीड तास भटकून तो गवतावर झोपला. जाग आली तेव्हा पाखरे गात होती, खारी झाडांवर पळत होत्या, सुतारपक्षी हसल्यासारखे ओरडत होते. यातला कोणता प्राणी किंवा पक्षी कसा निर्माण झाला याची त्या क्षणी त्याला काडीचीही पर्वा नव्हती. वीस वर्षे हाच एक प्रश्न उरावर घेऊन जगणाऱ्या माणसाची ही कबुली आहे.

ती शांतता दोन महिनेही टिकली नाही. १८ जूनच्या सुमारास आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र आले. मलाय द्वीपसमूहात काम करणारा हा निसर्गअभ्यासक स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीच्या कल्पनेपर्यंत पोचला होता. त्याच दिवसांत डार्विनच्या घरात मुले आजारी होती, २८ जूनला सर्वांत धाकटे बाळ दगावले. १ जुलैला मित्रांनी दोघांचे लिखाण लिनियन सोसायटीत एकत्र सादर केले, डार्विन हजर नव्हता. मग वाइट बेटावरच्या मुक्कामात त्याने मोठे पुस्तक बाजूला ठेवून छोटे लिहायला घेतले. तेरा महिन्यांहून थोडे जास्त चाललेले हे काम त्याच्या आयुष्यातले सर्वांत घाईचे. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती बाहेर पडल्या, तेव्हा लेखक यॉर्कशायरमधल्या इल्कली गावी पुन्हा एकदा ओल्या चादरीत गुंडाळून घेत होता. शरीराने त्याचे बिल लगेच पाठवले होते.

पण त्यानंतर काय झाले, ते अधिक पाहण्यासारखे आहे. १८६० च्या उन्हाळ्यात हार्टफील्ड येथे काहीही न करता आराम करण्यासाठी गेला असताना त्याला ड्रॉसेराच्या पानांवर पुष्कळ किडे चिकटलेले दिसले. पावसाळ्यात कासच्या पठारावर जाणाऱ्यांना ही वनस्पती दवबिंदू म्हणून माहीत आहे. त्याने काही रोपे घरी नेली आणि त्यांच्यावर मांसापासून काचेच्या तुकड्यापर्यंत काय काय ठेवून पाहिले. कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक आले १८७५ मध्ये, पंधरा वर्षांनी. १८६३ च्या शरदापासून पुढचे काही महिने तो जवळजवळ अंथरुणाला खिळलेला होता. त्या आजारपणाच्या काळात वेलींची हालचाल ही त्याची करमणूक झाली. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप या वेलीचे एक रोप कुंडीत लावून त्याने खोलीत ठेवले, कारण रात्रंदिवस त्याच खोलीत पडून राहावे लागत होते. वेलीचा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो. उन्हाळ्यात एका फेरीला त्याला सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, हे त्याने मोजले. असे निरीक्षण निरोगी, कामात बुडालेल्या माणसाच्या हातून होणे कठीणच.

त्याला आजार कोणता होता, यावर डॉक्टर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आहेत. मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनात त्याला बेंचुका हा रक्त शोषणारा ढेकूण चावला होता. या जातीचे कीटक चागास रोग पसरवतात, हे १९०९ मध्ये कळले. पण धडधडीचा त्रास त्याला ‘बीगल’ निघण्यापूर्वी, प्लिमथ बंदरात वाट पाहतानाही झाला होता, त्यामुळे एकट्या ढेकणावर खापर फोडता येत नाही. दूध न पचणे, तीव्र चिंता, आतड्यांचा विकार असे बरेच अंदाज आहेत. बहुधा एकापेक्षा जास्त कारणे असावीत. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्रास बराच कमी झाला, हे मात्र नोंदलेले आहे.

या संथपणाचा खर्च कोणी केला, हेही सांगायला हवे. डार्विनने पोटासाठी कधी नोकरी केली नाही. वडिलांची संपत्ती होती, घरात नोकरचाकर होते, पार्स्लो नावाचा बटलर तीन तपे सेवेत होता. आणि एमा होती. दहा बाळंतपणे, तीन मुलांचे मृत्यू, नवऱ्याची शुश्रूषा, दिवसातून अनेकदा कादंबरीवाचन, संध्याकाळी पियानो. कादंबरीचा शेवट गोड हवा, ही त्याची अटही तिने सांभाळली. बॅकगॅमनचा हिशेब तो वर्षानुवर्षे ठेवत होता. १८७६ मध्ये त्याने एका मित्राला कळवले की एमाने २,४९० आणि आपण २,७९५ डाव जिंकले आहेत. तिच्या विश्रांतीचे वेळापत्रक मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

नवऱ्याचे डोके जड झाले आहे हे सर्वांत आधी तिलाच कळे आणि ती सुट्टीचा विषय काढी. मग भाजीबाजारात होते तशी घासाघीस चाले. सहा दिवस नको, पाच दिवसांत परत यायचे, असा त्याचा हट्ट. सुट्टीची गरज त्याला पटलेली होती, तरी निघताना जीव जड होई. म्हातारपणी त्याने एक खंत लिहून ठेवली. तरुणपणी आवडणारी कविता, शेक्सपिअर, संगीत यांतला रस पार आटला होता. पुन्हा जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी काही कविता वाचायचा आणि थोडे संगीत ऐकायचा नेम करीन, असे त्याला वाटे. चार तासांच्या पलीकडचा वेळ त्याने शरीराला दिला, पण मनाचे काही कोपरे तरीही कोरडे राहिले.

मामाच्या कुरणातली गांडुळे त्याच्या डोक्यातून कधी गेली नव्हती. डाउनला आल्यावर, २० डिसेंबर १८४२ रोजी, जवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले गेले. ते किती खाली जातात ते पाहायचे होते. २९ वर्षे वाट पाहून नोव्हेंबर १८७१ च्या अखेरीस त्याने तिथे चर खणला. पांढऱ्या तुकड्यांची रेघ सात इंच खाली सापडली. वर्षाला पाव इंचाहून थोडी कमी, एवढी माती गांडुळांनी वर आणली होती. मग कुंड्यांमध्ये गांडुळे दिवाणखान्यात आली. त्यांना ऐकू येते का हे पाहायला फ्रान्सिस बसून नावाचे वाद्य वाजवी आणि एमा पियानो. आवाजाकडे गांडुळांनी लक्ष दिले नाही, पण कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबली की कंपनाने ती झटकन बिळात शिरत.

ऑक्टोबर १८८१ मध्ये गांडुळांवरचे पुस्तक आले. पहिल्या निबंधापासून ४४ वर्षांनी. ते हजारोंनी खपले. पुढच्या मार्चच्या ७ तारखेला डार्विन नेहमीप्रमाणे सँडवॉकवर एकटाच फिरत असताना छातीत कळ आली. तो कसाबसा घरापर्यंत पोचला. त्यानंतर त्या वाटेपर्यंत त्याला जाता आले नाही. १९ एप्रिल १८८२ रोजी, डाउनच्याच घरात, एमा जवळ असताना तो गेला.